वाळवंटातला मुक्काम कुणी ठरवायचा?

मैत्रिणींनो, प्रवासाचा बेत ठरला की घरात कामांची वाटणी आपोआप होते, नाही का? गाडी, तिकिटं, नकाशा पुरुषांकडे. दशम्या, चटणी, औषधांचा डबा आणि मुलांचे स्वेटर आपल्याकडे. किती किलोमीटर जायचं ते त्यांनी ठरवायचं आणि त्या किलोमीटरांत कुणाला काय लागेल ते आपण बघायचं. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण ही वाटणी मला कधी खटकली नव्हती. गेल्या वर्षी मे महिन्यात, अमेरिकेतल्या वाळवंटात, रात्री दीड वाजता ती पहिल्यांदा खटकली. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

माझी नणंद गेली पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला राहते. सासूबाईंना लेकीचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, आणि मधुमेहामुळे रोज इन्शुलिन घ्यावं लागतं. त्यांना एकट्या कशा पाठवणार? माझ्या अर्ध्या वेळच्या शाळेला मे महिन्यात सुटी होती, यांनी रजा काढली, आणि आमची नऊ वर्षांची लेक धरून आम्ही चौघं लातूरहून निघालो.

तिकडे पोचलो आणि चौथ्या दिवशी भाऊजींनी, म्हणजे वन्संच्या यजमानांनी, जाहीर केलं, "आता खरी अमेरिका बघायची. हॉटेल नाही, विमान नाही. घरच बरोबर घेऊन जायचं!" त्यांनी आठवड्यासाठी एक आर.व्ही. भाड्यानं ठरवली होती. आर.व्ही. म्हणजे चालतं घर. ट्रकसारखं तोंड आणि मागं अठ्ठावीस फूट लांबीची खोली. आत गॅसची शेगडी, मोरी, फ्रीज, संडास-न्हाणी, चालकाच्या डोक्यावर एक माळ्यासारखा पलंग, आणि जेवायचं टेबल खाली दाबलं की त्याचाही पलंग. माणसं आम्ही सात. वन्संचा चौदा वर्षांचा मुलगा माळ्यावर चढून बसला तो उतरेचना!

माझा जीव मात्र त्या स्वयंपाकघरावर जडला. हात पसरला की सगळं हाताशी. फक्त पहिल्याच दिवशी जिरं-मोहरीची फोडणी टाकली आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलायला लागला की सासूबाई जपमाळ टाकून उठल्या. तेव्हापासून नियम केला : आधी छताची खिडकी उघडायची, पंखा लावायचा, मग फोडणी.

दहा बादल्या पाण्याचा संसार

भाऊजी गाडीची माहिती सांगत होते. मी एका प्रश्नावर अडले. "पाणी किती मावतं?"

"चाळीस गॅलन. भरपूर आहे."

मी मनात हिशेब केला. चाळीस गॅलन म्हणजे दीडशे लिटर, म्हणजे आपल्या पंधरा लिटरच्या दहा बादल्या. सात माणसांची अंघोळ, भांडी, संडास, सगळं त्यातच! अहो, मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आमच्या गावाला आलं तेव्हा मी नवी संसारी बाई होते. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला आणि भांडी विसळलेलं पाणी संडासाला, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे दहा बादल्यांत दोन दिवस काढणं मला जमणार होतं. पण हे आधी ठरवायला हवं होतं, नळ कोरडा पडल्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट कळली. पाणी जसं भरावं लागतं तसं ते रिकामंही करावं लागतं. मोरीचं सांडपाणी एका टाकीत आणि संडासाचं दुसऱ्या टाकीत साठतं. त्या टाक्या कुठंही ओतायच्या नाहीत. ठरावीक ठिकाणी 'डंप स्टेशन' असतं, तिथं जाड नळी लावून सोडायच्या. संडासाची टाकी आधी आणि मोरीची नंतर, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. हे काम भाऊजी आणि हे हातमोजे चढवून करत, आणि वन्सं नि मी लांबून हसत असू.

मुक्कामाच्या जागाही दोन जातींच्या असतात. काही ठिकाणी गाडीला वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी या तिन्ही गोष्टी जोडून मिळतात. काही ठिकाणी नुसती सपाट जागा, एक टेबल आणि शेकोटीची कडी; वीज नाही, आणि पुष्कळदा पाणीही नाही. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याचशा जागा या दुसऱ्या जातीच्या. शिवाय सरकारी मोकळी जमीन आहे. तिच्यावर पुष्कळ ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. तिथं तर टेबलसुद्धा नसतं.

नुसत्या जागेत वीज हवी असेल तर गाडीतलं जनित्र चालवायचं. छतावरचं वातानुकूलन एकतर बाहेरच्या विजेवर चालतं, नाहीतर जनित्रावर; गाडीच्या बॅटरीवर ते चालत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली होती. कारण मला सासूबाईंचं इन्शुलिन दिसत होतं.

वहीतला बेत

दोन रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही बेत आखला. पहिली रात्र जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, ब्लॅक रॉक इथं. उंची चार हजार फूट, हवा थंड. वीज नाही, पण पाणी आहे. दुसऱ्या दिवशी उद्यान बघून संध्याकाळी ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या अलीकडे, वीज-पाणी जोडून मिळेल अशा जागी. मग ग्रँड कॅनियन, मग उल्कापाताचं विवर, आणि मग घर.

फिनिक्सची जागा माझ्या हट्टामुळे घेतली होती. तिथली उंची जेमतेम अकराशे फूट. मे महिन्यात पारा चाळीसच्या आसपास जाऊ शकतो. २०२३ साली त्या शहरात जूनअखेरपासून सलग एकतीस दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या, खाली उतरलं नव्हतं! अशा मुलखात म्हाताऱ्या माणसाला घेऊन विजेविना रात्र काढायची नाही, एवढं मला कळत होतं. एका रात्रीचे साठ डॉलर ऐकून भाऊजींनी भुवया उंचावल्या. पण जागा घेतली.

पहिली रात्र सुरेख गेली. जोशुआचं झाड म्हणजे केतकीसारख्या टोकदार पानांचे झुबके धरून उभी असलेली एक ओबडधोबड आकृती. रात्री स्वेटर घालून आम्ही बाहेर बसलो. मी मुगाची खिचडी टाकली होती. सासूबाई म्हणाल्या, "आकाश अगदी आमच्या लहानपणीच्या गावासारखं आहे गं."

ती रात्र

दुसऱ्या दिवशी मात्र घड्याळ हातातून सुटलं. मुलं खडकांवरून उतरायलाच तयार नाहीत, मग काट्यांच्या निवडुंगाची ती प्रसिद्ध बाग, मग फोटो. उद्यानाच्या दक्षिण टोकाला महामार्गावर आलो तेव्हा सूर्य कलला होता. पहिल्याच पंपावर मी म्हटलं, "पेट्रोल भरून घेऊ या का?" ही गाडी गॅलनला आठ-दहा मैल जाते, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. भाऊजी म्हणाले, "कॅलिफोर्नियात महाग आहे, पलीकडे ॲरिझोनात स्वस्त मिळेल." ते खरंच होतं. मी गप्प बसले.

राज्याची हद्द ओलांडून क्वार्टझ्साइट नावाचं छोटं गाव लागलं तेव्हा अंधार पडला होता. हिवाळ्यात या गावाभोवतीच्या वाळवंटात चालत्या घरांचं पंढरपूरच भरतं म्हणे. थंड मुलखातली म्हातारी जोडपी महिनोन् महिने येऊन राहतात. फिनिक्सजवळचा आमचा मुक्काम अजून दोन-अडीच तासांवर होता. भाऊजी दमले होते. त्यांनी गाडी हमरस्त्यावरून खाली घेतली आणि म्हणाले, "इथं फुकट जागा आहे. आज इथंच राहू. तारे बघा कसे दिसतात ते!"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं, "भाऊजी, इथं वीज नाही." पण मी यांच्याकडे पाहिलं, हे खिडकीबाहेर बघत होते. वन्सं म्हणाल्या, "दमलेत ते, राहू दे." आणि मी विचार केला, आपण पाहुण्या. गाडी त्यांची, पैसे त्यांचे, देश त्यांचा. दमलेल्या माणसाला अंधारात पुढं चालव म्हणणंही बरं नव्हे. एका रात्रीनं काय होतंय?

मैत्रिणींनो, हिवाळ्यात लोक तिथं येतात ते ऊन सोसवतं म्हणून. मे महिन्यात त्या सबंध माळावर आमच्याखेरीज एक गाडी नव्हती, यातच खरं तर सगळं आलं होतं. त्या जागेची उंची नऊशे फुटांच्या आत. रात्री नऊ वाजता बाहेरची हवा भट्टीसारखी लागत होती. जनित्र लावलं, गाडी थंड झाली, सगळे झोपले.

दीड वाजता मला जाग आली ती शांततेनं. जनित्र बंद पडलं होतं. त्या गाड्यांत अशी सोय असते की टाकीत पाव भागाहून कमी पेट्रोल उरलं की जनित्र आपोआप थांबतं. निदान गाडी चालवायला तरी इंधन उरावं म्हणून. सोय चांगलीच, पण ती आम्हाला ठाऊक नव्हती. किती वेळ बंद होतं कोण जाणे. पत्रा तापलेलाच होता, आत गुदमरत होतं.

सासूबाई उठून बसल्या होत्या. अंग घामानं चिंब, हात थरथरत होते. "काही नाही गं, जरा कसंसंच होतंय," म्हणाल्या. मी रक्तातली साखर तपासली. बासष्ट! दमणुकीत त्या रात्री नीट जेवल्या नव्हत्या, इन्शुलिन मात्र नेहमीचं घेतलं होतं. आणि उष्ण्यात ते अंगात लवकर भिनतं. मी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटं त्यांचा हात धरून बसले. पुन्हा तपासली तेव्हा आकडा वर सरकला होता.

मग फ्रीज उघडला. लोणी पातळ झालं होतं. गाडी अंधारात तिरकी उभी राहिली होती. या गाड्यांतले गॅसवर चालणारे फ्रीज सपाट जागेवर नसले की नीट काम करत नाहीत, हेही आम्हाला नंतर कळलं. इन्शुलिनची पेनं मी स्टीलच्या डब्यात घातली, डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि खिडकीत ठेवला. कोरड्या हवेत ओलं फडकं माठासारखं काम करतं, हे मराठवाड्याच्या बाईला सांगायला नको.

आणि मग मी भाऊजींना हलवून उठवलं. बारा वर्षांत मी त्यांच्याशी मान वर करून बोलले नव्हते. त्या रात्री म्हटलं, "भाऊजी, गाडी काढा. गावातल्या पंपावर चला. आत्ता."

त्यांनी एक शब्द न बोलता गाडी काढली. खडबडीत वाटेनं हमरस्त्यावरच्या पंपापर्यंतची ती चार-पाच मैलांची वाट मला पंढरपूरएवढी लांब वाटली. पुढच्या भागातलं गाडीचं वातानुकूलन चालू होतं, तिथं मी सासूबाईंना बसवलं. पंपावर लख्ख उजेड, मालवाहू ट्रकांची रांग, माणसं. पेट्रोल भरलं, जनित्र सुरू झालं. त्या ट्रकांच्या सोबतीनं पहाटेपर्यंत थांबलो. सासूबाई झोपल्या. मी जागीच राहिले, आणि माझ्या शेजारी वन्सं. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही काल काही बोलणार होतात ना? मला दिसलं होतं."

वारीचा न्याय

सकाळी आठला आम्ही फिनिक्सजवळच्या त्या ठरवलेल्या, आणि पैसे भरून वाया गेलेल्या, जागी पोचलो. आणखी एका दिवसाचे पैसे देऊन दिवसभर तिथंच राहिलो. डॉक्टरांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, "तापलेल्या पेनांचा भरवसा नाही, नवी घ्या." नवी पेनं घेतली. त्यांची किंमत सांगत नाही, पण फुकटचा तो मुक्काम आमच्या सबंध सहलीतला सगळ्यात महाग मुक्काम ठरला.

दुपारी चहा झाला. कुणीच फारसं बोलत नव्हतं. भाऊजींचा चेहरा उतरला होता. ते सासूबाईंना म्हणाले, "आई, माझं चुकलं."

सासूबाई गुडघे बरे होते तोवर आळंदीहून वारीला जायच्या. म्हणाल्या, "अहो जावईबापू, तुम्ही दमला होतात, त्यात काय चूक? पण एक सांगते. माउलींची पालखी जेजुरीला, वाल्ह्याला, लोणंदला, फलटणला थांबते. मुक्काम आधीपासून बांधलेले. लाखो माणसं चालतात ती कशाच्या जिवावर? पुढं पाणी कुठं आहे, टेकायला कुठं मिळेल, ते ठाऊक असतं म्हणून. उशीर झाला म्हणून कुणी म्हणतं का, आज मधल्याच माळावर राहू? आणि दिंडीत मुक्कामाचं कोण बघतं? ज्याला स्वयंपाक करायचा असतो तो!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? तुला कळत होतं ना? मग तोंडाला कुलूप का लावलंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊजींनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "वहिनी, इथून पुढचे मुक्काम तुम्ही बघा. मी गाडी चालवतो."

पुढचे मुक्काम

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्रसपाटीपासून हजार फूट वर गेलं की तापमान साधारण दोन अंश सेल्सिअसनं उतरतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण मुक्काम निवडताना नकाशातले मैलच बघायचे आणि उंची बघायची नाही, असं आमचं झालं होतं. आता मी प्रत्येक ठिकाणापुढं आधी उंची लिहिली.

ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे. तिथं दोन जागा अगदी शेजारी-शेजारी आहेत. मॅदर नावाची जागा झाडीत आहे, स्वस्त आहे, पण वीज नाही आणि तीस फुटांहून लांब गाडी चालत नाही. ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी सगळं जोडून मिळतं. आमची गाडी दोन्हीकडे मावली असती. मी दुसरी निवडली. वन्संना वाटलं, आता तर थंडी, वीज कशाला? पण गॅसवरच्या उबाऱ्याचा पंखासुद्धा बॅटरीवरच चालतो, आणि रात्रभरात बॅटरी बसली तर पुन्हा तेच.

आणि खरंच, दोन दिवसांपूर्वी भट्टीत भाजलेले आम्ही त्या रात्री दोन-दोन रजया पांघरून कुडकुडत होतो! शेजारच्या गाडीत एक गोऱ्या आजी होत्या. नवरा गेल्यावर घर विकून त्या चालत्या घरातच राहत होत्या. संध्याकाळी त्यांनी दार ठोठावलं. "पाण्याची रबरी नळी काढून आत ठेवा, रात्री गोठेल." मी त्यांना बेसनाचा लाडू दिला. त्यांनी मला या लोकांचा तीनाचा नियम सांगितला : दिवसाला तीनशे मैलांहून जास्त जायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचायचं, आणि जमलं तर तीन रात्री हलायचं नाही. तिसरा भाग आम्हाला जमण्यासारखा नव्हता. पहिले दोन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. उजेडात पोचलं की गाडी सपाट आहे का ते दिसतं, नळ कुठं आहे ते दिसतं, आणि जागा आवडली नाही तर दुसरीकडे जायला वेळ उरतो.

त्या दरीबद्दल मी लिहीत नाही. तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील आणि फोटोत ती मावत नाही. सासूबाई कठड्याशी बसून नुसत्या हात जोडून बघत होत्या.

पुढं पूर्वेकडच्या रस्त्यानं उतरलो तेव्हा गंमत झाली. नाव्हाहो लोकांच्या मुलखात शिरलो आणि भाच्याच्या फोनमधलं घड्याळ एकदम तासभर पुढं गेलं. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं करायची पद्धत ॲरिझोना राज्य पाळत नाही, पण त्याच राज्यातले नाव्हाहो पाळतात! तीनच्या आत पोचायचं असेल तर कुणाचे तीन, हेही बघावं लागतं.

विन्स्लोच्या अलीकडचं उल्काविवर मात्र मी मुद्दाम वहीत घातलं होतं. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेला हा खड्डा सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आणि एकशे सत्तर मीटर खोल आहे. काठावर उभं राहून माझ्या लेकीनं विचारलं, "आई, यात पाणी का नाही?" कारण तिनं आपलं लोणार पाहिलेलं. आपलं विवर याच्याहून मोठं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि पोटात सरोवर धरून बसलेलं. परमुलखात आपल्या बुलढाण्याची आठवण अशी भेटेल असं वाटलं नव्हतं.

परतीचा शेवटचा मुक्काम ठरवताना हे म्हणाले, "नीडल्सपर्यंत जाऊ, म्हणजे घर जवळ येईल." मी वही पुढं केली. नीडल्स नदीकाठी, पाचशे फुटांवर. त्याच्या साठेक मैल अलीकडचं किंगमन तेहेतीसशे फुटांवर. म्हणजे पाच-सहा अंशांचा फरक! आम्ही किंगमनला राहिलो, पहाटे पाचला निघालो आणि खालचं वाळवंट ऊन चढायच्या आत ओलांडलं. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर फळं-भाज्यांची तपासणी असते. लिंबावर पडणारी कीड येऊ नये म्हणून लिंबूवर्गीय फळांकडे विशेष लक्ष. आपला कढीपत्ताही त्याच कुळातला, त्यालाही ती कीड लागते. म्हणून वन्संनी अंगणातला कढीपत्ता बरोबर घेऊच दिला नव्हता. उरलेल्या लिंबांचं मी आदल्या रात्रीच सरबत करून संपवलं.

माझ्या वहीतलं शेवटचं पान

तुमच्यापैकी कुणाचं मूल, भाऊ, नणंद तिकडे असेल, आणि असा बेत निघालाच, तर हे टिपून ठेवा :

१) आधी मुक्काम, मग रस्ता. राष्ट्रीय उद्यानांतल्या बऱ्याच जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं; चांगल्या जागा लवकर जातात.

२) प्रत्येक मुक्कामापुढं चार गोष्टी लिहा : उंची किती, वीज आहे का, पाणी आहे का, सांडपाणी सोडायची सोय कुठं. सखल जागी उन्हाळ्यात वीज हवीच. उंचावर विजेविना भागतं, पण पांघरुणं हवीत.

३) पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, पाव भागाची वाट बघू नका. महाग-स्वस्त बघू नका. वाळवंटात दोन पंपांमध्ये पन्नास-पन्नास मैल काही नसतं.

४) पाण्याच्या टाकीखेरीज पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, माणशी रोज चार लिटर तरी.

५) कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नका. तिकडेही पावसाळा असतो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथं येतो, अगदी आपल्यासारखाच.

६) औषधं फ्रीजच्या भरवशावर सोडू नका. एक छोटा थर्मामीटर आत ठेवा. इन्शुलिन तापूनही बिघडतं आणि गोठूनही. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका. साखर उशाशी असू द्या.

७) बेत बदलायचा असेल तर सगळ्यांना विचारून बदला, आणि रात्री ज्या माणसाला जागावं लागणार आहे, त्याला आधी विचारा.

सातवा नियम खरं तर पहिला लिहायला हवा. भाऊजी वाईट माणूस नव्हेत. फार प्रेमळ आहेत. त्यांना आम्हाला तारे दाखवायचे होते. चूक एकट्या त्यांची नव्हती. मला दहा बादल्यांचा हिशेब येत होता, इन्शुलिनचा येत होता, त्या माळावर एकही गाडी का नाही हेही कळत होतं. एवढं सगळं कळून मी एक वाक्य गिळलं, आणि त्याला मी सभ्यपणा म्हणत होते. सासूबाईंचा आकडा बासष्टऐवजी आणखी खाली गेला असता, मला जाग आली नसती, तर तो सभ्यपणा काय कामाचा होता?

परत आल्यावर आम्ही दिवाळीत तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर केलं. निघायच्या आदल्या रात्री हे नकाशा घेऊन बसले आणि सवयीनं म्हणाले, "एका दिवसात तिन्ही होतील." मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन बसले. मुक्काम दोन झाले. सासूबाई पलंगावरून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त गालातल्या गालात हसल्या.

पुढच्या प्रवासाला निघाल तेव्हा दशम्या कराच, मैत्रिणींनो. पण त्या भाजायच्या आधी एकदा नकाशापाशी जाऊन बसा.